नमुना एक, मुलं ऐंशी

शैक्षणिक साहित्य बनवण्याच्या कार्यशाळेचा शेवटचा तास कुठेही गेलं तरी सारखाच दिसतो. टेबलावर चादर अंथरलेली, तिच्यावर ओळीने मांडलेल्या वस्तू, मागे उभे शिक्षक आणि समोर फोटो काढणारे. मुरबाडची केंद्रशाळा असो की आफ्रिकेतल्या मालावी देशातलं शिक्षक विकास केंद्र, त्या टेबलावर प्रत्येक वस्तू एकेकच असते. सोमवारी शिक्षिका ती घेऊन वर्गात जाते तेव्हा समोर ऐंशी मुलं असतात. पुढच्या दोन रांगांना वस्तू दिसते, बाकीच्यांना बाईंचा हात दिसतो. हळूहळू ती वस्तू कपाटात जाते आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येते.

निवृत्त शिक्षक, कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिनिअर, विज्ञानाच्या शिबिरांत रमणारे कार्यकर्ते अशी ठाणे-नवी मुंबईतली मंडळी आफ्रिकेत शिक्षकांना शिकवायला स्वयंसेवक म्हणून निघतात, तेव्हा सगळी चर्चा ‘काय काय बनवायला शिकवायचं’ याभोवती फिरते. माझ्या मते पहिला प्रश्न ‘किती’ हा आहे. चार मुलांना एक संच धरला तर ऐंशी मुलांना वीस संच लागतात. वीस संच होत नसतील तर ती वस्तू यादीतून काढून टाकावी, ती कितीही सुंदर असली तरी.

मालावीचंच उदाहरण घेऊ. तिथे १९९४ साली प्राथमिक शिक्षणाची फी रद्द झाली आणि शाळा ओसंडून वाहू लागल्या. खालच्या इयत्तांत एका वर्गात ऐंशी, शंभर मुलं ही तिथली रोजची परिस्थिती आहे. काही वर्ग झाडाखाली भरतात. आणि आसपास मिळेल त्या वस्तूंतून शिकवायचं, हा विचार त्यांना कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. त्या विचाराला तिथे ‘टॅलुलार’ असं नावच आहे आणि शिक्षक-प्रशिक्षणात तो शिकवला जातो. टाकाऊतून टिकाऊचे धडे द्यायला गेलेला माणूस पहिल्या तासाला त्यांच्याच घरची गोष्ट त्यांना सांगत असतो.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं आणि अनुताई वाघांनी ते आयुष्यभर सांभाळलं. माँटेसरीचं महागडं साहित्य आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हतं, म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, दगड हेच साहित्य झालं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. म्हणजे विचार आपल्याकडेही आहे, त्यांच्याकडेही आहे. तिथल्या शिक्षिकेकडे नसतो तो वेळ. ऐंशी वह्या तपासून, घरची शेती बघून, दोन हजार काड्या कापायला ती कधी बसणार? स्वयंसेवकाने सोडवायचं गणित हे आहे: कमीत कमी तासांत वर्गभर पुरेल इतकं साहित्य कसं तयार होईल, आणि ते मोडल्यावर तिला एकटीला कसं दुरुस्त करता येईल.

आता काड्याच घेऊ, कारण दशक-एकक शिकवायला त्याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही. एका गटाला १०० काड्या लागतात. वीस गटांना २०००. प्रत्येकी १० सेंटिमीटर लांबीच्या म्हणजे एकूण २०० मीटर कामटी झाली. पाच सेंटिमीटर जाडीचा, चार मीटर लांबीचा एक बांबू उभा चिरला तर चार मिलिमीटर रुंदीच्या साधारण पस्तीस कामट्या निघतात. त्या झाल्या १४० मीटर. पेरांच्या गाठी आणि फुटलेले तुकडे वगळले तरी दोन बांबूंत एका वर्गाचं काम भागतं. मालावीत बांबू मिळतो. टोपल्या आणि कुंपणं विणणाऱ्यांकडे चौकशी करायची. बांबू चिरायचं कामही त्यांनाच द्यावं. शिक्षकांना सुरा देऊन बांबू चिरायला बसवलं तर पहिल्या तासाभरात कुणाचं तरी बोट कापतं.

कापण्याची युक्ती अशी. कामट्या एकेक कापायच्या नाहीत. दहा-बारा कामट्या एकत्र धरून दोन ठिकाणी सुतळीने घट्ट आवळायच्या. एका फळीवर आडवी पट्टी ठोकायची आणि तिच्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर करवतीच्या पात्याला वाट देणारे दोन खिळे मारायचे. मोळीचं टोक पट्टीला टेकवायचं आणि लोखंड कापायच्या करवतीने एका दमात कापायचं. लाकडाच्या मोठ्या दातांच्या करवतीने बांबूच्या चिंध्या होतात, बारीक दातांची करवत स्वच्छ कापते. पहिली सुतळी कापाच्या अगदी जवळ हवी. ती लांब राहिली की काड्या पसरतात आणि लांबी कमी-जास्त होते. लांबी का जपायची? मुलं गठ्ठा टेबलावर उभा आपटून सारखा करतात, आणि एकच काडी लांब निघाली की मोजायचं सोडून तिच्याशी खेळत बसतात. कापून झाल्यावर सगळ्या काड्या गोणीत भरायच्या, दोन ओंजळी कोरडी वाळू टाकायची आणि दोघांनी दोन टोकं धरून दहा मिनिटं हलवायच्या. कुसळं बऱ्यापैकी झडतात. तरीही प्रत्येक काडीवर एकदा बोट फिरवावं.

बांबू ओला असेल तर आज घट्ट बांधलेला गठ्ठा पंधरा दिवसांनी ढिला होतो, कारण काड्या सुकून आक्रसतात. कोवळा असेल तर भुंगा लागतो. डब्यात पिवळी भुकटी दिसली की समजायचं. म्हणून जून, वाळलेला बांबूच घ्यावा, आणि तो बाजारात विचारून घ्यावा, वाटेत तोडून नव्हे.

गठ्ठे बांधायला रबर बँड नेऊ नयेत. उष्ण हवेत ते चिकट होतात, मग तुटतात, आणि तुटले की शिक्षिकेला ते कुठून मिळणार? मालावीत सायकली भरपूर आहेत, भाड्याने माणसं नेणाऱ्या सायकलीसुद्धा, त्यामुळे पंक्चर काढणारा प्रत्येक बाजारात असतो आणि त्याच्याकडे फाटक्या ट्यूबांचा ढीग असतो. ट्यूब आडवी कापून चार मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या. मोठ्या सायकलीच्या ट्यूबची लांबी दोन मीटरच्या थोडी वर, म्हणजे एका ट्यूबमधून पाचशेच्या आसपास चकत्या. वीस गटांना दशकाच्या गठ्ठ्यांसाठी २०० आणि शंभराच्या मोठ्या गठ्ठ्यासाठी २० लागतात, तेव्हा अर्धी ट्यूब पुष्कळ झाली. दहा काड्यांच्या गठ्ठ्याचा घेर पाच सेंटिमीटरच्या आत असतो, चकतीचा घेर साधारण नऊ, म्हणून दोन वेढे बरोबर बसतात. ट्यूबच्या आत पांढरी भुकटी असते, ती आधी साबणाने धुवायची. कात्री रबरावर घसरते. पातं साबणाच्या पाण्यात बुडवून कापलं की सरळ जाते. चकत्या उन्हात ठेवल्या तर त्यांना भेगा पडतात, त्यांना बंद डबा हवा.

गठ्ठा सुटतो आणि परत बांधला जातो, हेच या साहित्याचं मर्म आहे. वजाबाकीत हातचा घेताना मूल दशकाचा गठ्ठा स्वतः सोडतं. रंगीत प्लॅस्टिकच्या तयार दांड्यांमध्ये दशक फुटत नाही, तो बदलून घ्यावा लागतो, आणि पहिलीच्या मुलाला तो बदल केवळ बाईंच्या शब्दावर मान्य करावा लागतो. म्हणून काड्या चिकटवून किंवा कायमच्या बांधून ठेवण्याची सूचना कुणी केली तर ठामपणे नाही म्हणावं.

मालावीच्या मोठ्या भागात मुलं चिचेवा बोलतात. त्या भाषेत मोजताना सहा म्हणजे पाच आणि एक, सात म्हणजे पाच आणि दोन, असं नऊपर्यंत जातं. दहाला स्वतंत्र शब्द आहे. साहित्य बनवताना याचा थेट उपयोग होतो. पोत्याच्या तुकड्यावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखायच्या, प्रत्येक घर पाच सेंटिमीटरचं. पहिली ओळ भरली की पाच, दुसऱ्या ओळीत दोन ठेवले की मूल जे तोंडाने म्हणतं तेच डोळ्यांना दिसतं. सोंगट्या म्हणून सोड्याच्या आणि बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं चालतात. दाते असलेली कड हातोडीने दगडावर आत वळवून घ्यावी, नाहीतर बोटं कापतात. अशा दोन तुकड्यांसाठी गटाला वीस, वर्गाला चारशे झाकणं. ती गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून कार्यशाळेच्या महिनाभर आधीच शाळांना निरोप जायला हवा. तिथला बावो हा खेळही शिक्षकांना पक्का ठाऊक असतो. चार ओळींत आठ-आठ खळगे, चौसष्ट बिया. जमिनीत खळगे केले की पट लागत नाही, आणि गुणाकार-भागाकाराचे अर्धे तास त्या खळग्यांवर होऊ शकतात. हे त्यांनी आपल्याला शिकवावं, आपण लिहून घ्यावं.

विज्ञानात मी तराजूला पहिला मान देईन. वीस तराजू तीन तासांत होतात आणि पहिलीपासून सातवीपर्यंत वापरता येतात. दांडीला ४० सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद अशी सरळ कामटी. टोकांपासून एकेक सेंटिमीटर आत दोन भोकं आणि बरोबर मध्यावर तिसरं. भोकं तापवलेल्या खिळ्याने पाडायची, हातोडीने खिळा मारला तर कामटी चिरते. इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकवतात. मधलं भोक दोन टोकांच्या भोकांच्या रेषेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर हवं. ते खाली गेलं तर दांडी एका बाजूला कलंडते आणि तिथेच राहते. फार वर गेलं, समजा एक सेंटिमीटर, तर तराजू इतका स्थिर होतो की लहानसा फरक नीट दिसत नाही. भोक खिळ्यापेक्षा सैल असावं, घट्ट बसलं तर दांडी घर्षणानेच अडते.

पारड्यांना पाण्याच्या बाटल्यांचे तळ, तीन सेंटिमीटर उंचीवर कापलेले. प्रत्येकाला तीन दोऱ्या. शिक्षक दोऱ्या सारख्या लांबीच्या करण्यात अर्धा तास घालवतात. त्याची गरज नसते. दोऱ्यांची लांबी कमी-जास्त असली तर पारडं फार तर तिरकं दिसेल. वजनाचा निकाल दांडीच्या दोन बाजू सारख्या आहेत की नाहीत यावर ठरतो. तपासायची रीत सोपी आहे. रिकामा तराजू मातीच्या गोळीने सरळ करून घ्यायचा. मग दोन्ही पारड्यांत काहीतरी ठेवून तो समतोल करायचा आणि आतल्या वस्तूंची अदलाबदल करायची. तरीही समतोल राहिला तर दांडी बरोबर आहे. कलला तर मधलं भोक मध्यावर नाही. ही अदलाबदल मुलांकडूनच करून घ्यावी, कारण तराजूवर विश्वास का ठेवायचा याचं उत्तर तिथे मिळतं. वजनं म्हणून तीच झाकणं, एक झाकण सुमारे दोन ग्रॅमचं. मोठ्या वजनांना पाणी: अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं पाणी पाचशे ग्रॅम.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांची जोडणी आपल्याकडे अरविंद गुप्तांमुळे घराघरात पोचली. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी ते जोडले गेले आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं खेळणी बनवली. त्रिकोण हलत नाही आणि चौकोन डुलतो, हे बोटांना कळवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पण नेण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. तिथल्या दुकानात ती बारीक नळी मिळते का, आणि काड्या तिथेच विकत घेता येतील का. काडेपेट्या सामानाच्या बॅगेत विमानातून नेता येत नाहीत. नळी मिळत नसेल तर ही जोडणी सोडून द्यावी. आपण किलोभर नळी नेली तर आपण असेपर्यंत सगळं छान चालतं आणि नळी संपली की धडाही संपतो.

आता जे मुळीच वापरू नये त्याबद्दल. गुंजा दिसायला मोहक, लाल-काळ्या, मोजायला अगदी योग्य, आणि त्या अत्यंत विषारी असतात. भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज लहान मुलाचा जीव घेऊ शकते. एरंडीच्या बियांचं तेच. दोन्ही झाडं आफ्रिकेत भरपूर दिसतात आणि शिक्षक त्या बिया हौसेने घेऊन येतात, म्हणून पहिल्याच दिवशी नमुना दाखवून सांगावं. जुन्या सेलमधली काळी पूड फळा रंगवायला आपल्याकडेही वापरली जायची. ती मुलांच्या हाताला लागू देऊ नये, कोळशाची वस्त्रगाळ पूड पुरते. सिमेंटच्या कागदी पिशव्या तक्त्यांना उत्तम, पण आतल्या थरावरचं सिमेंट कातडी भाजतं; तो थर काढूनच टाकावा.

आणि धान्य. मोजायला तूर, चवळी, मका आणायला सांगणं फार सोपं वाटतं. मालावीत तूर पिकते. २०२१ साली भारताने तिथून दरवर्षी ५०,००० टनांपर्यंत तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला, तेव्हा आपल्या ताटातल्या वरणात तिथली तूर असू शकते. पण मक्याचं नवं पीक एप्रिलच्या सुमारास येतं आणि त्याआधीचे जानेवारी ते मार्च हे महिने अनेक घरांत अर्धपोटी जातात. त्या दिवसांत मुलाला मूठभर दाणे मोजायला आणायला सांगणं मला मान्य नाही, इतर महिन्यांतही टाळावं असंच वाटतं. दाणे काढून उरलेली कणसं, शेंगांची टरफलं, फळांच्या कठीण बिया, खडे असं पुष्कळ काही असतं.

खळीचं थोडक्यात. मैद्याची किंवा कसाव्याच्या पिठाची खळ छान चिकटते आणि उंदीर-झुरळांना तितकीच आवडते. आपल्याकडे तीत मोरचूद घालतात. मुलांच्या साहित्यात विष नको. त्यामुळे चिकटवायचं कामच कमी करावं, शिवावं किंवा बांधावं. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्याचे तक्ते कापताना कडा उसवतात. सुरी तापवून कापलं तर कडा वितळून बंद होते. हे उघड्यावर करावं, धूर वाईट असतो. तक्ते भिंतीवर राहणार नाहीत हे धरून चालावं. खिडक्यांना झडपा नसतात, पाऊस आत येतो, वस्तू जातात. प्रत्येक गटाचा संच एका लहान पोत्यात, आणि वीस पोती एका मोठ्या पोत्यात, अशी व्यवस्था रोज दोन मुलं सांभाळू शकतात.

बॅगेत मग काय न्यायचं? हत्यारं. तीस शिक्षकांसाठी पंधरा दणकट कात्र्या, सहा करवती आणि त्यांची जादा पाती, सहा हातोड्या, सहा पकडी, दाभणं, मोजपट्ट्या. एवढं तेवीस किलोंच्या आत बसतं. सगळं सामानाच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत यातलं बहुतेक काही चालत नाही. ही हत्यारं तिथेच ठेवून यायची, आणि ठेवायची ती शिक्षक विकास केंद्रात, वहीत नोंद करून. तिथे शाळांचे झोन असतात आणि झोनला एक सल्लागार असतो. आपल्या केंद्र आणि केंद्रप्रमुखासारखीच रचना. हत्यारं एका शाळेत राहिली तर झोनमधल्या बाकीच्या शाळांना ती मिळत नाहीत.

निघण्याआधीचा सराव इथेच होऊ शकतो. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या पट्ट्यात भंगारातले तुकडे मिळतात खरे, पण सराव त्या मालावर करू नये, तसा माल तिथल्या गावात नसतो. शहापूर-मुरबाडच्या आठवडे बाजारात जावं, बुरडाकडून बांबू चिरून घ्यावा, पंक्चरवाल्याकडून ट्यूब घ्यावी आणि घड्याळ लावून एका वर्गाचा पूर्ण संच बनवावा. तीन माणसांना दोन हजार काड्या आणि चकत्या अर्ध्या दिवसात झाल्या पाहिजेत. तो संच जवळच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा आणि आठवड्याने जाऊन काय हरवलं, काय मोडलं ते पाहावं. ज्या गोष्टी इथे मोडतात त्या तिथेही मोडणार.

कार्यशाळेच्या तारखा शाळा चालू असताना आणि पाऊस नसताना घ्याव्यात. मालावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल आणि शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मे-जून. तीन दिवस पुरतात. पहिल्या सकाळी शिक्षकांबरोबर बाजार, दुपारी काड्या आणि चकत्या. दुसऱ्या सकाळी तेच साहित्य घेऊन खऱ्या वर्गात वीस मिनिटांचा पाठ, सगळ्या ऐंशी मुलांसह. हा पाठ वगळला तर बाकीची मेहनत निम्मी वाया जाते, कारण साहित्य वाटायला किती वेळ लागतो हे इथेच कळतं. पहिल्या वेळी वाटण्यातच बारा मिनिटं जाऊ शकतात. मग शिक्षक स्वतःच गटनायक नेमतात, पोती दाराशी ठेवतात, मोजून परत घेण्याची पद्धत ठरवतात. तिसरा दिवस तराजूचा आणि दुरुस्तीचा: मुद्दाम चार चकत्या तोडून, एका दांडीचं भोक चुकवून द्यायचं आणि कारण शोधायला लावायचं.

जेवण, प्रवासखर्च आणि भत्ता यांचं झोनच्या सल्लागाराशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावं. तिथे कार्यशाळेला भत्ता मिळण्याची रीत आहे, आणि पगार तुटपुंजा असलेल्या माणसाने तो मागितला यात गैर काही नाही. आयत्या वेळी हा विषय निघाला की तीन दिवसांचं वातावरण बिघडतं.

परत आल्यावर फोनवरून विचारपूस चालू ठेवायची तर नव्या वस्तूंचे फोटो मागवू नयेत. महिन्याने आणि तिसऱ्या महिन्याने शिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात: आता किती पोती पूर्ण आहेत, पहिलं काय मोडलं आणि ते कुणी दुरुस्त केलं. काड्या शंभराच्या ऐंशी झाल्या आणि शिक्षिकेने मुलांकडूनच वीस नव्या करून घेतल्या, तर साहित्य चालू आहे. सगळे संच जसेच्या तसे, एकही काडी हरवलेली नाही, असं उत्तर आलं तर सल्लागाराला विनंती करावी की त्या शाळेत जाऊन पोत्याची गाठ सोडली गेली आहे का ते पाहा, आणि सोडली नसेल तर शिक्षिकेच्या तासाला स्वतः बसून वाटपाला मदत करा.